नावापुढे डीसी आहे, संशोधनासाठी आणखी काय लागतं?

प्रश्न : मी कायरोप्रॅक्टिकच्या, म्हणजे मणके आणि सांध्यांवर हाताने उपचार करायच्या पद्धतीच्या, अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. कंबरदुखी-मानदुखीवरचे शोधनिबंध वाचायची सवय लागली आणि आता दवाखाना टाकण्यापेक्षा संशोधनातच जावं असं वाटू लागलंय. पण निबंधांवरची नावं वाचली की गोंधळ उडतो. कुणाच्या नावापुढे नुसतं डीसी (डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक), कुणाच्या डीसी आणि पीएचडी, कुणाच्या एमडी, तर कुणाच्या फक्त पीएचडी. काही जण कायरोप्रॅक्टर नाहीतच, तरी आमच्याकडे वारंवार दाखले दिले जातात ते त्यांच्याच निबंधांचे. मित्र म्हणतात, डीसी म्हणजे डॉक्टरेटच, आणखी शिकायचं कशाला? शिक्षक म्हणतात, आधी पाच वर्षं प्रॅक्टिस कर, मग बघू. मी नेमकं काय शिकावं, कुठे आणि कधी? आणि एखाद्या निबंधामागची माणसं त्या कामाची आहेत की नाहीत, हे ओळखायचं कसं?

उत्तर : मित्रांचं म्हणणं आधी निकालात काढू, कारण त्यावर विसंबलात तर हातची दोन-तीन वर्षं सहज जातील. डीसी ही रुग्ण तपासायची, निदान करायची आणि हाताने उपचार करायची पदवी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 साली कायरोप्रॅक्टिकच्या शिक्षणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पूर्ण अभ्यासक्रमाला किमान 4200 तास सांगितले आहेत आणि त्यातले किमान 1000 तास देखरेखीखालच्या रुग्णसेवेचे. उरलेल्या 3200 तासांत शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, क्ष-किरण, निदान आणि हाताचं तंत्र बसवायचं असतं. संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र यांच्या वाट्याला एखाद-दुसरा विषय येतो. त्यात तुम्हाला निबंध वाचायला शिकवतात. प्रश्न बांधणं, किती रुग्ण लागतील याचा हिशेब करणं, एथिक्स कमिटीसमोर प्रोटोकॉल मांडणं, हाती आलेल्या विस्कळीत आकड्यांतून उत्तर काढणं, हे सगळं त्या तासांत बसत नाही. यात कमीपणा काही नाही. अमेरिकेत डॉक्टर होण्यासाठी लागते ती एमडीची पदवीही रुग्णसेवेचीच आहे आणि संशोधन करायचं तर एमडी झालेल्यांनाही पुढे वेगळं शिकावं लागतं.

म्हणून नाव वाचताना पहिल्या पदवीवर फार थांबू नका. माणूस कोणत्या दारातून आत आला एवढंच तिच्यावरून कळतं. तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर विश्वासार्ह रीतीने शोधू शकतो, हे त्याच्या दुसऱ्या शिक्षणावर ठरतं. नुसतं पीएचडी वाचून पुढे जाऊ नका. पीएचडी कशात, कोणत्या विभागात, कोणाच्या हाताखाली, हे शोधायचं.

इतक्या वेगवेगळ्या शाखांची माणसं या क्षेत्रात का, याचं कारण इतिहासात आहे. डॅनिएल डेव्हिड पामर यांनी 1895 साली आयोवातल्या डेव्हनपोर्टला या पद्धतीची सुरुवात केली, तेव्हा ते स्वतः चुंबकीय उपचार करत होते. पुढे कित्येक दशकं अमेरिकेतली कायरोप्रॅक्टिकची महाविद्यालयं विद्यापीठांच्या बाहेर, मुख्यतः विद्यार्थ्यांच्या फीवर चालली. सुसज्ज प्रयोगशाळा नाहीत, पीएचडीचे गाइड नाहीत, सरकारी अनुदान जवळजवळ नाही. या शिक्षणाचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेला अमेरिकेच्या शिक्षण खात्याची मान्यता मिळायला 1974 साल उजाडलं. पुढच्याच वर्षी, 1975 मध्ये, तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, बेथेस्डाला परिषद भरवली. मणक्यांच्या मॅनिप्युलेशनबद्दल, म्हणजे सांध्याला हाताने झटकन धक्का देण्याच्या उपचाराबद्दल, शास्त्राला नेमकं काय ठाऊक आहे, एवढाच विषय. कायरोप्रॅक्टर, ऑस्टिओपॅथ (हाताने उपचार करणाऱ्या दुसऱ्या एका पंथाचे), एमडी आणि मूलभूत शास्त्रांचे अभ्यासक एकत्र बसले आणि निघालं असं की बाजूने किंवा विरुद्ध ठामपणे बोलावं इतका पुरावाच जमलेला नाही. जर्नल ऑफ मॅनिप्युलेटिव्ह अँड फिजिओलॉजिकल थेराप्युटिक्स हे नियतकालिक सुरू झालं ते त्यानंतर, 1978 साली.

अशा काळात ज्या कायरोप्रॅक्टरला संशोधन करायचं होतं, त्याला दुसऱ्या शाखेचं दार ठोठावावं लागलं. स्कॉट हाल्डेमन यांनी 1964 साली पामर महाविद्यालयातून डीसी केलं, मग न्यूरोफिजिऑलॉजीत, म्हणजे मज्जासंस्थेच्या कार्याच्या शास्त्रात, पीएचडी केली, मग एमडी होऊन न्यूरॉलॉजिस्ट झाले. मानदुखीवरच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाचे ते अध्यक्ष होते आणि त्या गटाचा अहवाल 2008 साली आला. तीन पदव्यांची ही वाट आज कुणाला सुचवावी अशी नाही. तिला फार वर्षं लागतात आणि आता तिची गरजही उरलेली नाही. पण त्या पिढीला प्रत्येक नव्या प्रश्नासाठी नवं शिक्षण स्वतःच गाठीशी बांधावं लागत होतं, हे त्यावरून दिसतं.

दुसरीकडे, गाजलेल्या सुरुवातीच्या चाचण्यांच्या प्रमुखपदी कायरोप्रॅक्टर नव्हतेच. 1990 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेली 741 रुग्णांची कंबरदुखीची चाचणी टी. डब्ल्यू. मीड यांची. ते वैद्यक शिकलेले एपिडेमिऑलॉजिस्ट, म्हणजे लोकसमूहात आजार कोणाला आणि किती होतो याचे अभ्यासक. 1998 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 321 जणांवरची चाचणी आली ती डॅनिएल चेर्किन यांची. ते आरोग्यसेवांचा अभ्यास करणारे पीएचडी. या दोन चाचण्या शेजारी ठेवून वाचा, आराखड्यातला फरक लगेच दिसेल. मीड यांच्या चाचणीत एका गटाला कायरोप्रॅक्टरच्या खासगी दवाखान्यात उपचार मिळाले आणि दुसऱ्याला रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात. कायरोप्रॅक्टिकचा गट पुढे राहिला. पण त्यातलं किती श्रेय हाताच्या उपचाराला, किती दवाखान्याच्या वातावरणाला आणि किती रुग्णाला मिळालेल्या वेळेला, हे वेगळं करता येत नाही. चेर्किन यांनी तिसरा गट ठेवला, त्याला फक्त माहितीपुस्तिका दिली. त्यामुळे कायरोप्रॅक्टिक आणि फिजिओथेरपी जवळजवळ बरोबरीत आहेत आणि पुस्तिकेपेक्षा दोन्ही थोड्याच सरस आहेत, हे समोर आलं. तुलना कोणाशी करायची हा निर्णय पहिला रुग्ण येण्याआधी झालेला असतो. एपिडेमिऑलॉजी आणि आरोग्यसेवा संशोधन शिकवतात ते मुख्यतः हेच.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे. काय शिकावं हे तुम्हाला कोणता प्रश्न छळतो त्यावर आहे.

ॲडजस्टमेंटच्या, म्हणजे मॅनिप्युलेशनच्याच, क्षणी मणक्यात नेमकं काय होतं, याचं कुतूहल असेल तर बायोमेकॅनिक्सकडे, म्हणजे शरीरातल्या जोर आणि हालचालींच्या शास्त्राकडे, वळा. कॅलगरी विद्यापीठाचे वॉल्टर हर्झोग या विषयातलं मोठं नाव. ते कायरोप्रॅक्टर नाहीत, बायोमेकॅनिक्सचे अभ्यासक आहेत. त्यांच्या गटाने हात आणि पाठ यांच्यामध्ये दाब मोजणारी पातळ गादी ठेवून जोर मोजला. 2001 साली आलेल्या त्यांच्या मोजणीत पाठीवरच्या मॅनिप्युलेशनचा एकूण कमाल जोर सरासरी 238 न्यूटन भरला. पण ज्या 25 चौरस मिलिमीटर जागेवर नेमका जोर द्यायचा होता, तिथे पोचला सरासरी 5 न्यूटनच. बाकीचा तळहाताखालच्या सगळ्या भागावर पसरला. आपण अमुक मणक्यावर अचूक जोर देतो असं वर्गात शिकवलं जातं. त्याकडे या आकड्यानंतर वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. हा प्रश्न अभियांत्रिकीची शिस्त असलेल्या माणसालाच सुचतो, कारण जोर किती यापाठोपाठ तो किती क्षेत्रफळावर हे विचारायची त्याची सवय असते.

याच कामात नवख्यांचं कुठे चुकतं तेही सांगते. धक्का सुरू झाल्यापासून कमाल जोर येईपर्यंत साधारण 150 मिलिसेकंद जातात. उपकरण सेकंदाला 50 नोंदी घेणारं असेल तर त्या अवधीत सात-आठच बिंदू मिळतात आणि खरा शिखरबिंदू दोन नोंदींच्या मध्ये निसटतो. सेकंदाला 1000 नोंदी घेतल्या तर 150 बिंदू मिळतात आणि आलेखाचा चढ नीट दिसतो. धक्क्याआधी हात टेकवून दिलेला स्थिर दाब, म्हणजे प्रीलोड, वेगळा नोंदवला नाही तर दोन उपचारकांची तुलना फसते. या गोष्टी डीसीच्या वर्गात शिकवत नाहीत आणि दवाखान्यात पंधरा वर्षं काढली तरी आपोआप कळत नाहीत. डीसी करून मग बायोमेकॅनिक्समध्ये पीएचडी केलेल्यांपैकी ग्रेग कावचक यांचं काम जरूर पाहा. बोटांचा सांधा मोडताना आवाज कसा येतो, हे त्यांच्या गटाने एमआरआयमध्ये टिपलं आणि 2015 साली प्रसिद्ध केलं. सांधा ताणला जाऊन एका क्षणी आत पोकळी तयार होते आणि आवाज त्या क्षणाशी जुळतो. सांध्यातला वायूचा बुडबुडा फुटून आवाज येतो अशी जी समजूत होती, तिला त्यामुळे धक्का बसला.

उपचाराने कोणाला धोका होतो आणि किती, हा तुमचा प्रश्न असेल तर एपिडेमिऑलॉजी घ्या. माझं मत विचाराल तर या क्षेत्राला आज सगळ्यात जास्त गरज याच माणसांची आहे. मानेचं मॅनिप्युलेशन आणि त्यानंतरचा पक्षाघात, हा वाद दवाखान्यातल्या अनुभवावर सुटणारा नाही. एखाद्या न्यूरॉलॉजिस्टला वर्षातून दोन-तीन असे रुग्ण दिसतात आणि त्याची खात्री पटते. एखाद्या कायरोप्रॅक्टरला तीस वर्षांत एकही दिसत नाही आणि त्याचीही खात्री पटते. दोघेही प्रामाणिक आहेत, दोघांकडेही भाजक, म्हणजे एकूण किती जणांपैकी हा आकडा, नाही. डेव्हिड कॅसिडी हे डीसी आणि पुढे एपिडेमिऑलॉजिस्ट. त्यांच्या गटाने ऑन्टारिओतल्या आरोग्य नोंदी घेऊन 10 कोटींहून जास्त व्यक्ती-वर्षांतले (एक माणूस एक वर्ष, अशा मोजणीने) या प्रकारचे 818 पक्षाघात तपासले. निबंध 2008 साली आला. 45 वर्षांखालच्यांमध्ये कायरोप्रॅक्टरकडची भेट आणि पक्षाघात यांचा संबंध दिसला. पण तसाच संबंध साध्या फॅमिली डॉक्टरकडच्या भेटीशीही दिसला. यावरून त्यांनी मांडलं की मानेतली रक्तवाहिनी आधीच फाटू लागल्याने मान आणि डोकं दुखत असावं, आणि त्या दुखण्यापायीच माणूस उपचाराला जात असावा.

फॅमिली डॉक्टरकडच्या भेटींशी तुलना करावी, ही कल्पना हाताच्या कौशल्यातून येत नाही. ती पद्धतीच्या शिक्षणातून येते. त्याच निबंधाची मर्यादाही तेच शिक्षण दाखवून देतं. रुग्णालयाच्या बिलांसाठी लिहिलेले निदानाचे कोड नेहमी अचूक नसतात आणि भेटीत मानेचं मॅनिप्युलेशन झालं की नाही हे त्या नोंदींत नसतं. हा निबंध पुढे करून धोका नाहीच असं कोणी सांगू लागलं, तर त्या माणसाने तो नीट वाचलेला नाही असं समजा.

उपचार चालतो का, हा प्रश्न असेल तर क्लिनिकल चाचण्यांचं शिक्षण लागेल आणि शेजारी संख्याशास्त्रज्ञ बसलेला लागेल. एक साधा हिशेब स्वतः करून बघा. वेदना 0 ते 10 च्या मापावर मोजायची, आकड्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, 2.5 धरायचं, दोन गटांत 1 गुणाचा फरक पकडायचा आहे. सार्थकतेची पातळी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) 5 टक्के आणि चाचणीची ताकद (असलेला फरक सापडण्याची शक्यता) 80 टक्के ठेवली तर प्रत्येक गटात साधारण 100 माणसं लागतात. पाचातला एक जण मध्येच सोडून जातो असं धरलं तर 125. म्हणजे दोन गटांचे 250. फरक 2 गुणांचा असेल तर गटाला 25-26 जण पुरतात, पण हाताच्या उपचारांची तुलना दुसऱ्या चांगल्या उपचाराशी असेल तर एवढा मोठा फरक क्वचितच मिळतो. सिडनी रुबिनस्टाइन हे कायरोप्रॅक्टर आणि एपिडेमिऑलॉजिस्ट. त्यांच्या गटाने 2019 साली जुनाट कंबरदुखीवरच्या 47 चाचण्या, 9211 रुग्ण एकत्र करून पाहिले, तेव्हा मॅनिप्युलेशन इतर शिफारस केलेल्या उपचारांच्या आसपासच भरलं. हे माहीत असूनही दवाखान्यातले 30 रुग्ण घेऊन, 15-15 चे गट पाडून चाचणी केली जाते. फरक दिसत नाही आणि निष्कर्षात लिहिलं जातं की दोन्ही उपचार सारखेच. इतक्या कमी माणसांत असलेला फरकही दिसला नसता. संख्याशास्त्रज्ञाला आकडे गोळा झाल्यावर बोलावलं तर तो एवढंच सांगू शकतो की आता काही करता येणार नाही. त्याला आराखडा ठरवायच्या दिवशी बोलवायचं असतं.

दुसरी नेहमीची अडचण म्हणजे खोटा उपचार. गोळीची हुबेहूब खोटी गोळी करता येते, मॅनिप्युलेशनची करता येत नाही. देणाऱ्याला तर तो खोटा देतोय हे ठाऊकच असतं. म्हणून निदान मोजणाऱ्याला गट कळू न देणं, आणि तुम्हाला कोणता उपचार मिळाला असं वाटतं हे रुग्णाला शेवटी विचारून नोंदवणं, एवढं तरी झालं पाहिजे. उपचाराचं वर्णन नुसतं मॅनिप्युलेशन केलं असं लिहून भागत नाही. कोणत्या भागावर, किती वेळा, किती आठवडे, कोणी, किती अनुभवाच्या माणसाने, हे सगळं आलं पाहिजे. डीसी असण्याचा खरा उपयोग इथे होतो. बाहेरच्या संशोधकाला जे तपशील सुचत नाहीत, ते तुम्हाला तोंडपाठ असतात.

मज्जासंस्थेकडे ओढा असेल तर न्यूरोफिजिऑलॉजी आहे. पामरच्या संशोधन केंद्रातल्या जोएल पिकार यांनी, तेही डीसी आणि पीएचडी, स्नायूंमधल्या संवेदनाग्रांवर मॅनिप्युलेशनचा काय परिणाम होतो यावर वर्षानुवर्षं काम केलं. या शाखेत एक सांभाळा. मेंदूच्या किंवा स्नायूच्या विद्युत संकेतात बदल दिसला म्हणजे रुग्णाला बरं वाटलं असं होत नाही. ही उडी मारणारे निबंध पुष्कळ आहेत.

समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि अर्थशास्त्राची माणसंही इथे पहिल्यापासून आहेत. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेतले इयन कूल्टर समाजशास्त्रज्ञ, आणि एके काळी ते टोरँटोच्या कायरोप्रॅक्टिक महाविद्यालयाचे अध्यक्षही होते. जोसेफ कीटिंग हे क्लिनिकल मानसशास्त्राचे पीएचडी. कायरोप्रॅक्टर नसूनही या व्यवसायाचा इतिहास त्यांनी आस्थेने लिहिला आणि पुराव्याशिवाय केलेल्या दाव्यांवर कडक टीकाही केली.

आज जी कामं टिकतात ती अशा मिश्र गटांची. अमेरिकेच्या तीन लष्करी रुग्णालयांत 750 सैनिकांवर झालेली, 2018 साली जामा नेटवर्क ओपनमध्ये आलेली चाचणी घ्या. प्रमुख क्रिस्टीन गोएर्ट्झ, डीसी आणि आरोग्यसेवा संशोधनात पीएचडी. सोबत जैवसंख्याशास्त्रात पीएचडी केलेल्या सिंथिया लाँग, समाजशास्त्रज्ञ कूल्टर आणि उपचाराचा आराखडा जाणणारे कायरोप्रॅक्टर. या यादीतल्या कोणा एकाला ती चाचणी एकट्याने उभी करता आली नसती.

निबंधामागची माणसं कशी तपासायची, ते आता सांगते. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीवर निबंध उघडा आणि लेखकांच्या नावांखालची संस्था आणि विभाग वाचा. मग शेवटच्या पानाकडे जाऊन लेखकांचं योगदान हा भाग शोधा. आराखडा कोणी केला, विश्लेषण कोणी केलं, हे बहुतेक नियतकालिकं हल्ली छापतात. विश्लेषणासमोर ज्याचं नाव आहे त्याचं शिक्षण संख्याशास्त्राचं किंवा एपिडेमिऑलॉजीचं आहे का, हे त्याच्या ऑर्किड (संशोधकांची ऑनलाइन ओळख) नोंदीवर किंवा विद्यापीठाच्या पानावर पाहा. पीएचडीचा प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संग्रहात नावाने शोधला की विषय आणि साल मिळतं. पहिलं नाव सहसा काम करणाऱ्याचं आणि शेवटचं गटप्रमुखाचं असतं. शेवटी हितसंबंध आणि निधी वाचा. एखादं तंत्र विकणाऱ्या, त्याचे वर्ग चालवणाऱ्या माणसानेच त्या तंत्राची चाचणी केली असेल, तर निदान विश्लेषण बाहेरच्याने केलेलं हवं. दुसरी पदवी माणसाला पद्धत देते, निःपक्षपातीपणाची हमी देत नाही.

अक्षरांनी फसू नका. डीएसीबीआर म्हणजे क्ष-किरण निदानातलं क्लिनिकल प्रावीण्य, त्याची किंमत मोठी आहे पण ते संशोधनाचं शिक्षण नाही. जुन्या लिखाणात पीएचसी दिसलं तर ती पीएचडी नव्हे. फिलॉसफर ऑफ कायरोप्रॅक्टिक अशी पदवी पामर महाविद्यालय पूर्वी देत असे.

नुसत्या वाचण्यापेक्षा हा सराव करा. तुमच्या आवडीच्या एका विषयावरचे गेल्या पाच वर्षांतले 20 निबंध घ्या. वहीत प्रत्येक लेखकाचं पहिलं शिक्षण, दुसरं शिक्षण, विभाग आणि निबंधातलं काम असे चार रकाने भरा. दोन-तीन आठवडे लागतील. शेवटी तुमच्या प्रश्नावर काम करणारी माणसं काय शिकून आली आहेत हे तर दिसेलच, पण तीच तीच पाच-सहा नावं पुन्हा पुन्हा येताना दिसतील. तुमचे संभाव्य गाइड तेच.

कुठे शिकायचं? कायरोप्रॅक्टिक जिथे विद्यापीठाच्या आत आहे, तिथली वाट सोपी. डेन्मार्कमध्ये ओडेन्सेच्या विद्यापीठात 1994 पासून हा अभ्यासक्रम क्लिनिकल बायोमेकॅनिक्स या नावाने, वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या बरोबरीने चालतो. 2018 साली लॅन्सेटने कंबरदुखीवर जी लेखमाला काढली, तिच्या पहिल्या निबंधाचे प्रमुख लेखक यान हार्टविग्सन याच विद्यापीठातले कायरोप्रॅक्टर आणि पीएचडी. झुरिक विद्यापीठाने 2008 पासून कायरोप्रॅक्टिक वैद्यकीय विद्याशाखेत घेतलं आहे. कॅनडात क्युबेकमधल्या त्रुआ-रिव्हिएर विद्यापीठात 1993 पासून अभ्यासक्रम आहे, आणि अल्बर्टा, कॅलगरी, ऑन्टारिओ टेक इथे या विषयावर काम करणारे प्रयोगशाळा आणि एपिडेमिऑलॉजीचे गट आहेत. पीएचडीसाठी मात्र कायरोप्रॅक्टिकचा विभागच हवा असं धरून बसू नका. चांगला गाइड एपिडेमिऑलॉजीच्या किंवा किनेसिऑलॉजीच्या (शरीराच्या हालचालींच्या शास्त्राच्या) विभागात सापडला तर तिथे जा. तुमचं डीसी तिथे तुमच्यासोबत येतंच.

डेन्मार्कमध्ये पीएचडी तीन वर्षांची असते, उत्तर अमेरिकेत चार-पाच किंवा जास्त वर्षं धरून चाला. गणिताचा पाया कच्चा असेल तर आधी एक-दोन वर्षांचं एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स पदवी) किंवा क्लिनिकल संशोधनातलं एमएससी करा. ते वर्ष फुकट जात नाही, आणि आपल्याला आकड्यांत बसायला आवडतं की नाही हेही त्यात कळतं. नाही आवडलं तर सन्मानाने दवाखान्यात परतता येतं.

तुमच्या शिक्षकांच्या पाच वर्षांच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. रुग्ण पाहिलेला संशोधक चांगले प्रश्न विचारतो हे खरं, पण त्यासाठी एक-दोन वर्षं पुरतात. पाच वर्षांत शिक्षणाचं कर्ज, दवाखान्याचं भाडं आणि ठरलेली मिळकत यांची सवय होते आणि विद्यार्थ्याच्या तुटपुंज्या विद्यावेतनावर परतणं जड जातं. आठवड्यातले दोन दिवस प्रॅक्टिस आणि तीन दिवस एखाद्या गटात संशोधन सहायक, अशी जोड मिळाली तर ती घ्या. पीएचडीनंतरही वेळ राखून ठेवणं हीच मोठी लढाई असते. एनआयएचची के वर्गातली बहुतेक अनुदानं नव्या संशोधकाने किमान 75 टक्के वेळ, म्हणजे बारातले नऊ महिने, संशोधनाला द्यावा अशी अट घालतात ती त्यासाठीच. दवाखाना पूर्ण वेळ चालवून रात्री संशोधन करू, हा बेत बहुधा दुसऱ्या वर्षी कोलमडतो.

शेवटच्या वर्षात आहात तोवर महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना गाठा आणि एका पद्धतशीर आढाव्यात, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे निबंध ठरलेल्या रीतीने शोधून तपासण्याच्या कामात, हात घाला. शोधाचे शब्द ठरवून प्रॉस्पेरो या आढाव्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी आधी करा, निबंध निवडताना दोन जणांनी स्वतंत्रपणे निवडा आणि मतभेद लिहून ठेवा. सोबत आर किंवा स्टाटा यांपैकी एक संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर शिकायला घ्या.

मग वहीतल्या त्या पाच-सहा नावांना ईमेल लिहा, प्रत्येकाला वेगळी. दोनशे शब्दांच्या आत, त्यांच्या कोणत्या निबंधातून तुमचा कोणता प्रश्न निघाला हे पहिल्या तीन ओळींत, सोबत दोन पानांचा परिचय. एकच मजकूर चाळीस जणांना पाठवलेला वाचणाऱ्याला तत्काळ कळतो. भेट ठरली तर तीन गोष्टी विचारा: आधीच्या विद्यार्थ्यांची पीएचडी किती वर्षांत झाली, त्यांचे पहिल्या नावाचे निबंध किती निघाले, आणि गटात संख्याशास्त्रज्ञ आहे का. त्या आधीच्या विद्यार्थ्यांपैकी दोघांशी बोलायला मिळेल का, तेही विचारा. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, आणि तरीही नाही आलं तर वहीतलं पुढचं नाव घ्या.